तीस सेकंदांत माणूस: टाइमर लावून जेश्चर ड्रॉइंगचा सराव कसा करावा

कला महाविद्यालयातल्या फाउंडेशन वर्गाची मुलं असोत, ॲनिमेशन शिकणारे असोत किंवा नोकरी सांभाळून चित्रं काढणारे असोत, जेश्चरच्या, म्हणजे शरीराची हालचाल थोड्या रेषांत झटपट टिपण्याच्या सरावाचे कागद पाहिले की एक गोष्ट हमखास दिसते. डोकं व्यवस्थित, गळा ठीक, खांदे घाईत आणि कमरेखाली वेळ संपलेला. असे गठ्ठेच्या गठ्ठे भरतात आणि शेवटच्या कागदावरही माणूस कमरेतच तुटलेला असतो. मेहनतीत काही कमी नसतं, फक्त क्रम चुकलेला असतो.

पाच मिनिटांचं चित्र तीस सेकंदांत उरकायचं, असा बहुतेकांचा समज असतो. मग हात धावत सुटतो. खरं तर वेळ कमी झाला की हाताचा वेग तोच ठेवून चित्रात घ्यायच्या गोष्टी कमी करायच्या असतात. ३० सेकंदांत एवढंच बघायचं की शरीर काय करतंय. १ मिनिटात त्यात भर पडते ती वजनाची, म्हणजे भार कुठल्या पायावर आहे याची. २ मिनिटांत धडाची जाडी, त्याचा पीळ आणि कपडे. ५ मिनिटांत पंजे आणि पावलं. प्रत्येक वेळेचं काम असं ठरलेलं आहे. ही वाटणी मोडली की सराव वाया जातो, म्हणून पुढचा क्रम आहे तसाच पाळा.

## तयारी: बसण्याआधी

कागद स्वस्त आणि मोठा घ्या. कोरा न्यूजप्रिंट उत्तम. तो नसेल तर एका बाजूने छापलेले ऑफिसचे कागदही चालतात, पण मग एका कागदावर एकच आकृती. महागडा, जाड कार्ट्रिज कागद समोर आला की हात जपून चालायला लागतो, म्हणून तो या कामाला नको. आकार ए-३ किंवा साधारण तेवढाच क्वार्टर इंपीरियल. उभी आकृती निदान एक वीत उंच यायला हवी. खिशातल्या वहीत तीन बोटांएवढी माणसं काढणाऱ्याचं फक्त मनगट फिरतं आणि लांब रेषा कधीच सुटत नाही.

बोर्ड तिरका उभा करा. मांडीवर टेकवून वरची कड टेबलाला किंवा समोरच्या खुर्चीच्या पाठीला लावा. टेबलावर आडव्या ठेवलेल्या कागदाचा वरचा भाग डोळ्यांपासून लांब असतो, त्यामुळे तो आहे त्यापेक्षा आखूड भासतो. हात ते नकळत भरून काढतो. नंतर कागद उभा धरला की डोकं मोठं आणि धड ताणलेलं निघतं. प्रमाण चुकतंय म्हणून महिनोन्महिने कष्टी होणाऱ्या कित्येकांची चूक एवढीच असते.

पेन्सिल ४बी किंवा ६बी. शिसं सेंटीमीटरभर बाहेर येईल अशी कटरने तासा; शार्पनरचं टोक या कामाला आखूड पडतं. लिहिताना धरतो तशी न धरता पेन्सिल तळव्याखाली आडवी धरा, म्हणजे रेष खांद्यातून आणि कोपरातून निघेल. चारकोल (चित्रं काढायचा कोळसा) जमत असेल तर फारच छान, कारण त्याने बारकावे सहज काढता येत नाहीत. खोडरबर मात्र हाताशी नको.

पोझ आधी गोळा करा. समोर जिवंत मॉडेल असेल तर त्यासारखं काही नाही. घरातल्या कुणाला दोन-दोन मिनिटं उभं राहायला सांगता येतं, आरशात स्वतःला काढता येतं. एकटे असाल तर फोटो. लाइन ऑफ ॲक्शनसारख्या वेबसाइटवर ठरावीक सेकंदांनी फोटो आपोआप बदलतात. पण तेवढ्यावर भागवू नका. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, एक पाय मुडपून भाजी निवडणं, डोक्यावर पाटी घेऊन चालणं ही आपली रोजची शरीरं अशा संचांत फार कमी भेटतात. कुस्ती, कबड्डी, लेझीम, कथक, शेतातली कामं, हातगाडी ओढणारे असे चाळीसेक फोटो स्वतः जमवून एका फोल्डरमध्ये ठेवा. फोटोत पावलं दिसलीच पाहिजेत. पाय कापलेल्या फोटोवरून भार शिकता येत नाही.

टाइमर असा लावा:

- ३० सेकंदांच्या १० पोझ
- १ मिनिटाच्या १०
- २ मिनिटांच्या ५
- ५ मिनिटांच्या २

एकूण ३५ मिनिटं. दोन पोझमध्ये पाच सेकंदांचं अंतर ठेवा, कागद बदलायला तेवढं लागतं. बेल वाजेल असाच टाइमर हवा. आकडे उलटे धावताना दिसले की नजर तिकडेच जाते.

> खबरदारी: सराव चालू असताना फोटो शोधत बसू नका. ‘ही पोझ नको, पुढची बघू’ हे एकदा सुरू झालं की सोप्या पोझच निवडल्या जातात. जी येईल ती काढायची.

## पायरी १: हात मोकळा करा (३ मिनिटं)

हे ३५ मिनिटांच्या बाहेरचं. कागदभर लांब वक्र रेषा, मग एस आकाराच्या, मग लांबट अंडाकृती. कोपर हवेत, मनगट स्थिर. प्रत्येक रेष एकाच दमात काढा. रेष सुरू करायच्या आधी ती कुठे संपणार आहे तिकडे बघा, पेन्सिलीच्या टोकाकडे नको. थंड हाताने थेट पोझ घेतली तर पहिल्या पाच-सहा पोझ केसाळ रेघोट्यांत जातात.

## पायरी २: ३० सेकंद. शरीर काय करतंय?

बेल वाजल्यावर पहिले पाच सेकंद पेन्सिल कागदाला लावू नका. सगळी गंमत इथेच आहे आणि सगळे इथेच घाई करतात. त्या पाच सेकंदांत मनातल्या मनात एक क्रियापद म्हणा: ओढतोय, वाकलीय, रेललाय, ताणतोय, सावरतेय. क्रियापद सापडलं नाही तर रेष सापडत नाही.

मार्केट यार्डातला हमाल घ्या. पाठीवर पोतं, शरीर पुढे झुकलेलं, एक पाय पुढे, एक हात मागे पोत्याला. शिकाऊ मुलगा आधी चेहरा काढेल, मग टोपी, मग पोतं. आपण असं करू:

- ० ते ५ सेकंद: फक्त बघणं. क्रियापद ‘पेलतोय’. मागच्या पायाची टाच, कंबर, पाठ, मान अशी एकच लांब कमान दिसते.
- ५ ते १० सेकंद: ती कमान एका रेषेत. सुरुवात मागच्या टाचेपासून, शेवट मानेत. रेष कागदाची तीन-चतुर्थांश उंची घेते.
- १० ते १५ सेकंद: कमानीच्या टोकाला डोक्याचा लांबट गोळा, नेमक्या कलात. हा माणूस खाली बघतोय, म्हणजे गोळ्याचं हनुवटीकडचं टोक छातीकडे.
- १५ ते २२ सेकंद: पुढचा पाय, मांडीपासून पावलापर्यंत एका रेषेत, गुडघ्यात मोडून. पावलाखाली जमिनीची एक छोटी आडवी खूण.
- २२ ते ३० सेकंद: दोन्ही हात, प्रत्येकी एक रेष. पोत्याचा वरचा कड, एक रेष. बस्स.

सगळ्या मिळून सात-आठ रेषा होतात. चेहरा नाही, बोटं नाहीत, कपडा नाही. पण पाठीवर काहीतरी जड आहे हे कागदावर दिसतं.

सुरुवात डोक्यापासूनच करायची असा नियम नाही. जिथून जोर निघतो तिथून सुरू करा. हमालाचा जोर मागच्या टाचेतून निघतो, भांडं घासणाऱ्या बाईचा खांद्यातून, पतंग उडवणाऱ्या पोराचा वर ताणलेल्या हातातून.

कमान काढताना शरीराच्या बाहेरच्या कडेने जाऊ नका. रेष शरीराच्या आतून जाते. तिला थोडं वाढवायला भिऊ नका. समोरचा माणूस थोडा झुकलाय असं वाटलं तर कागदावर जरा जास्त झुकवा, कारण काढताना प्रत्येकाचा हात उभ्याकडे ओढला जातो आणि पोझ आपोआप ताठ होत जाते.

> तपासा: दहा कागद जमिनीवर पसरा आणि घरातल्या कुणाला तरी विचारा, ‘हा काय करतोय?’ दहापैकी सहा-सात ठिकाणी बरोबर उत्तर आलं तर पुढे जा. ‘उभा आहे’ असं उत्तर वारंवार आलं तर तुमच्या कमानी सरळ होताहेत.

> खबरदारी: एकाच रेषेवर चार-पाच वेळा गिरवणं म्हणजे वेग नव्हे. रेष चुकली तर तशीच राहू द्या आणि शेजारी दुसरी, बरोबर वाटणारी काढा.

## पायरी ३: १ मिनिट. भार कुठे आहे?

पहिली २० सेकंदं मागच्या पायरीसारखीच. त्यानंतर दोन तिरक्या रेषा: एक खांद्यांची, एक कमरेच्या हाडांची. माणूस एका पायावर भार टाकून उभा असला की त्या पायाच्या बाजूची कंबर वर जाते आणि तोल सावरायला त्याच बाजूचा खांदा सहसा खाली येतो. दोन्ही रेषा उलट्या दिशांना कलतात. हे आपल्याला मूर्तींतून लहानपणापासून माहीत आहे. विटेवरचा विठ्ठल दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा, म्हणून खांदे आणि कंबर समांतर. बासरीवाला कृष्ण त्रिभंगात, म्हणजे मान, कंबर आणि गुडघा तीन ठिकाणी वळलेला. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीचा फोटो समोर ठेवून नुसत्या या दोन तिरक्या रेषा शोधा, अर्ध्या तासात हा मुद्दा पक्का होतो.

मग लंबरेषा. दोन गळपट्टीच्या हाडांच्या मधे जो खळगा असतो तिथून मनात एक ओळंबा सोडा. माणूस एका पायावर स्थिर उभा असेल तर ओळंबा त्या पायाच्या घोट्याजवळ पडतो. दोन्ही पायांवर असेल तर दोन पावलांच्या मधे. चालणाऱ्या, धावणाऱ्या किंवा भिंतीला रेललेल्या माणसाचा ओळंबा पावलांच्या बाहेर जाऊ शकतो. स्थिर उभ्या आकृतीचा बाहेर गेला तर ती कागदावर पडतेय असं वाटतं आणि कितीही छान चेहरा काढला तरी ते झाकत नाही.

> तपासा: पोझ संपल्यावर पेन्सिल उभी धरून गळ्याच्या खळग्यापासून पावलापर्यंत लावा. दहापैकी किती आकृत्या पडताहेत ते मोजा. रोज मोजा.

> खबरदारी: पावलं कागदाबाहेर जात असतील तर सुरुवातीलाच कागदावर वर एक आणि खाली एक अशी खूण करा आणि माणूस त्यातच बसवा. ‘जागा पुरली नाही’ ही सबब एका मिनिटाच्या पोझला चालणार नाही, कारण पावलं नसली तर या पायरीचं कामच झालेलं नसतं.

## पायरी ४: २ मिनिटं. धडाची जाडी आणि पीळ

आता कमानीवर दोन घन गोळे चढवायचे: छातीचा पिंजरा आणि कमरेची वाटी. पिंजरा अंड्यासारखा, वाटी थोडी चपटी. दोघांच्या मधे मऊ भाग, आणि पोझ कळते ती या मधल्या भागातच. माणूस उजवीकडे वाकला की उजव्या बाजूला कातडी दुमडते, पिंजरा आणि वाटी जवळ येतात. डाव्या बाजूला ताण येतो आणि अंतर वाढतं. एक बाजू ताणलेली, एक बाजू चिमटलेली, एवढं पकडलं की आकृती जिवंत होते. दोन्ही बाजूंना सारख्या फुगीर रेषा काढल्या तर माणसाचा लोड होतो.

हात आणि पाय काढताना दोन्ही कडांचे फुगवटे समोरासमोर ठेवू नका. पोटरीचा बाहेरचा फुगवटा वर असतो, आतला थोडा खाली. मांडीचा पुढचा फुगवटा आणि मागचा फुगवटाही एका पातळीवर येत नाहीत. हे लक्षात ठेवलं नाही तर पाय खाटेच्या कातीव खुरासारखे दिसतात.

प्रमाणाची मापं डोक्यात ठेवा, पण काढताना मोजत बसू नका. संपल्यावर तपासायला वापरा. उभा प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी उंच, निम्मी उंची जांघेच्या हाडाशी. जमिनीवर मांडी घालून बसलेला माणूस जमिनीपासून टाळूपर्यंत साधारण चार डोकी. खुर्चीवर बसलेला पावणेसहा-सहा. एक वर्षाचं मूल सुमारे चार डोकी. बसलेल्या माणसांत जवळजवळ सगळे धड लांब आणि डोकं लहान काढतात, म्हणून ‘मांडी म्हणजे चार’ हे आधी पाठ करा.

कपड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडचे शिकणारे इथे जास्त अडतात. परदेशी वर्गांत मॉडेल बहुधा नग्न किंवा तंग कपड्यांत असतं. आपल्यासमोर असते नऊवारी, सहावारी, धोतर, लेंगा, ढगळ सदरा. शिकणारा घाबरून चुण्या काढत बसतो. चुणी वाटेल तिथून निघत नाही. कापड शरीराला जिथे टेकतं किंवा ताणलं जातं तिथून ती निघते: खांद्याचं टोक, कोपर, कंबर, गुडघा, आणि खोचलेली जागा. आधी आत शरीर, मग टेकण्याचे बिंदू, मग त्या बिंदूंपासून निघालेल्या तीन-चार मोठ्या चुण्या. उकिडव्या बसलेल्या नऊवारीतल्या बाईचे दोन गुडघे शोधा. काष्ट्याचं कापड गुडघ्यापासून मागे कमरेकडे ताणलेलं दिसेल आणि मांडीखाली सैल लोंबेल. ताणलेली बाजू सरळ रेषेत, सैल बाजू वक्र रेषेत. पदर खांद्यावरून पाठीकडे जातो तेव्हा पाठीची कमान तोच दाखवतो, वेगळी रेष काढायची गरजही उरत नाही.

मोकळ्या जागाही बघा. कमरेवर हात ठेवला की हात आणि धड यांच्यामध्ये त्रिकोण तयार होतो. तो त्रिकोण बरोबर काढला की कोपराची जागा आपोआप सापडते, आणि हे कोपर काढण्यापेक्षा सोपं आहे.

> तपासा: काढलेल्या आकृतीची पोझ स्वतः घेऊन बघा. तुमच्या शरीरात जिथे ताण जाणवतो तिथे कागदावर ताण दिसतो का? पोझ घेताच येत नसेल तर कागदावर कुठेतरी सांधा निखळलेला आहे.

## पायरी ५: ५ मिनिटं. थांबायला शिका

पाच मिनिटं मिळाली की सगळे आपल्या जुन्या सवयीवर जातात आणि डोळ्यांपासून सुरू करतात. तसं नको. पहिल्या मिनिटात १ मिनिटाची पोझ पूर्ण करा, तिसऱ्या मिनिटापर्यंत घन आकार, आणि मग उरलेल्या वेळात निवडक गोष्टी.

हाताचा पंजा आधी बोटांशिवाय, एका चौकटीसारखा, अंगठा वेगळा, मग बोटांचा एक गट. पाचही बोटं सुटी काढायला पाच मिनिटं पुरत नाहीत आणि काढली तर केळ्याचा फणा होतो. पंजाची लांबी हनुवटीपासून कपाळाच्या मध्याच्या थोडी वर येते. नवशिक्यांचे हात-पाय नेहमी लहान निघतात, म्हणून हे माप लक्षात ठेवा. पाऊल म्हणजे पाचर: टाच, उंच घोटा, उतरता चवडा.

शेवटच्या मिनिटात रेषेचा जोर बदला. जिथे वजन टेकलंय, जिथे दोन अवयव एकमेकांवर दाबले गेलेत, जिथे सावली खोल आहे तिथेच गडद करा: काखेत, गुडघ्याच्या मागे, टाचेखाली. उजेडाच्या बाजूला रेष तुटली तरी चालेल. शेडिंग भरायला लागलात तर समजा की बघणं थांबलंय.

> खबरदारी: पाच मिनिटांच्या पोझ आवडल्या म्हणून ३० सेकंदांच्या गाळू नका. हाताला ताठपणा येतो तो इथूनच.

## पायरी ६: चेहरे. वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळांनी

आकृत्या आणि चेहरे एकाच बैठकीत मिसळू नका. चेहऱ्यांचा दिवस मिसळला की दुसऱ्या दिवशी पुन्हा आकृतीत डोळे काढायचा मोह होतो. आठवड्यात चार दिवस आकृत्या, दोन दिवस चेहरे, असं मला योग्य वाटतं. वेळा: १ मिनिटाचे १०, ३ मिनिटांचे ५. पूर्ण डोक्यांचे आणि मानेचे फोटो घ्या, पासपोर्ट फोटो नकोत.

पहिली १५ सेकंदं: मान आणि कल. डोकं मानेवर कसं बसलंय ते आधी. मान सरळ खांबासारखी नसते. ती पाठीतून निघून पुढे झुकते. बाजूने बघा, गळ्याचा खळगा मानेच्या मागच्या मुळापेक्षा खाली दिसेल. मानेची पुढची आणि मागची अशा दोन तिरक्या रेषा आणि त्यावर डोक्याचा कल, एवढ्याने अर्धा भाव येतो. नाराज माणूस आणि लाजलेला माणूस मानेवरून ओळखू येतात, डोळे काढायच्या आधीच.

पुढची १५ सेकंदं: कवटी. वरचा गोळा आणि त्याला लावलेला जबडा. डोळे डोक्याच्या निम्म्या उंचीवर असतात, टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजल्यावर. नवशिका डोळे वर सरकवतो, कारण कपाळ आणि केस त्याला रिकामी जागा वाटतात. बाजूच्या चेहऱ्यात डोक्याचा मागचा भाग कापला जातो. कान बघा: बाजूने पाहिल्यावर तो साधारण मध्यावर, किंचित मागे असतो. कानामागे तेवढीच कवटी शिल्लक आहे.

मग दोन रेषा: चेहऱ्याची मधली उभी रेष आणि डोळ्यांची आडवी. दोन्ही गोळ्यावरून वळलेल्या हव्यात. डोकं खाली झुकलं की आडव्या रेषा खाली फुगतात आणि कान डोळ्यांपेक्षा वर गेल्यासारखे दिसतात. वर बघितलं की उलट. कान खाली, हनुवटीचा तळ दिसू लागतो. कानाची पातळी चुकली तर चेहरा कुठे बघतोय ते कधीच कळत नाही.

शेवटी खुणा. भुवयांच्या खालची सावली एका सपाट पट्ट्यात, नाकाखालची सावली एका तुकड्यात, दोन ओठांमधली रेष आणि खालच्या ओठाखालची छोटी सावली. एक मिनिटात एवढंच. डोळ्याची बाहेरची कड बदामासारखी गिरवू नका. पापणीची वरची सावली ठेवली की डोळा उघडा दिसतो.

तीन मिनिटांत साम्याकडे जा. साम्य डोळे-नाक हुबेहूब काढल्याने येत नाही, त्यांच्यामधल्या अंतरांनी येतं. भुवई ते डोळा किती, नाक ते वरचा ओठ किती, खालचा ओठ ते हनुवटी किती. या तीनपैकी या माणसात कुठलं अंतर नेहमीपेक्षा वेगळं आहे ते बघा आणि तेच थोडं ठळक करा.

फेटा, गांधी टोपी, डोक्यावरचा पदर, हेल्मेट असेल तर आधी आतली कवटी काढा आणि मग ते तिच्यावर चढवा. टोपी कपाळाच्या मध्यावर कापली जाऊन डोकं चपटं होणं ही आपल्याकडच्या चित्रांतली फार मोठी तक्रार आहे. चश्म्याची काडी कानाला टेकते. म्हणून आधी कान, मग चश्मा.

> तपासा: कागद उलटा धरा किंवा आरशात बघा. एक डोळा घसरलेला, जबडा एकीकडे सरकलेला असेल तर लगेच उघडा पडतो.

## पायरी ७: घराबाहेर

घरी दोन-तीन आठवडे क्रम अंगवळणी पडला की बाहेर जा. एसटी स्टँड, मंडई, आठवडी बाजार, बागेतला कट्टा. इथे टाइमर तुमच्या हातात नसतो, समोरचा माणूस कधी उठेल सांगता येत नाही. म्हणून पानावर तीन-चार आकृत्या एकदम सुरू ठेवा. पानवाला पुन्हा पुन्हा त्याच पोझमध्ये येतो, भाजीवाली तराजू धरायला परत वाकते. ती पोझ परत आली की त्या आकृतीकडे परत या. माणूस निघून गेला तर दुसऱ्याचे पाय त्याला जोडू नका. अर्धी आकृती अर्धीच राहू द्या.

बाहेर बॉलपेन सोयीचं, खोडायचा प्रश्नच मिटतो.

जे एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांतल्या स्मरणचित्रासाठी किंवा प्रवेश परीक्षेसाठी सराव करताहेत त्यांनी इथे एक भर घालावी: दहा सेकंद बघा, मग पाठ फिरवून एक मिनिटात काढा, मग पुन्हा वळून पडताळा. स्मरणचित्रात माणसं ताठ बाहुल्यांसारखी येतात ती हा सराव नसल्यामुळे. नुसतं पाठ केलेलं ‘पाणी भरणारी बाई’ हे चित्र परीक्षकाला पहिल्या नजरेत ओळखू येतं.

> खबरदारी: कुणाच्या लक्षात आलं आणि त्याला ते आवडलं नाही तर लगेच थांबा, कागद दाखवा, विचारून पुढे जा. लहान मुलांना काढायचं असेल तर सोबतच्या मोठ्यांना आधी विचारा. बाजारात कुणाच्या धंद्याच्या वाटेत बसू नका.

## पायरी ८: बैठक संपल्यावरची दहा मिनिटं

ही दहा मिनिटं बहुतेकजण सोडतात, म्हणून महिनाभर सराव करूनही तीच चूक राहते. सगळे कागद क्रमाने पसरा, कोपऱ्यात तारीख आणि वेळ लिहा (३० से., १ मि.). त्यातले तीन वेगळे काढा: एक चांगला जमलेला, दोन फसलेले. फसलेल्यांवर लाल बॉलपेनने कमान, खांदा-कमरेच्या रेषा आणि ओळंबा टाका. चूक कुठल्या पायरीची आहे ते कागदाच्या मागे एका ओळीत लिहा: ‘कमान सरळ’, ‘कंबर उलटी’, ‘डोकं मोठं’. दुसऱ्या दिवशी तेवढ्या एकाच चुकीकडे लक्ष द्यायचं, बाकीच्या तशाच राहू द्यायच्या.

आकृत्या जमत नसतील तर आधी कुठे बघायचं:

- सगळं ताठ: क्रियापद न शोधता सुरू केलं, किंवा कमान शरीराच्या कडेने काढली. पायरी २ वर परत.
- माणसं पडताहेत: ओळंबा बघा. आठवडाभर फक्त १ मिनिटाच्या पोझ.
- वेळ कमरेशी संपतो: डोक्याला जास्त वेळ. एक आठवडा पायापासून वर काढा.
- रेषा केसाळ: पेन्सिल लिहिण्यासारखी धरलीय. चारकोल घ्या.
- फोटोवरून जमतं, समोरच्या माणसावरून नाही: फोटोने खोली आधीच सपाट करून दिलेली असते. घरच्यांना दोन मिनिटं बसवून त्यांच्याभोवती जागा बदलत तीच पोझ तीन बाजूंनी काढा.

कागद साठवताना चारकोलचे एकमेकांना घासू नयेत म्हणून मधे जुनं वर्तमानपत्र घाला. महिन्याच्या शेवटी पहिल्या आणि शेवटच्या आठवड्याच्या ३० सेकंदांच्या पोझ शेजारी ठेवून बघा. शेवटच्या आठवड्यात रेषा कमी झाल्या असतील आणि पावलं कागदावर आली असतील तर वेळांचं प्रमाण बदला: ३० सेकंदांच्या पोझ पाचवर आणा, २ मिनिटांच्या आठ करा. पावलं अजून येत नसतील तर प्रमाण तेच ठेवा आणि आणखी एक महिना १ मिनिटाची पायरी लांबवा.